माशाचं रक्त काय सांगतं? नदीचं प्रदूषण आणि माशांच्या डीएनएला होणारी इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातले मासे आणि प्रदूषणाने त्यांच्या डीएनएला होणारी इजा हा माझा शिकवण्याचा आणि अभ्यासाचा विषय. कॉलेजात बोला, मच्छीमार सोसायटीत बोला किंवा गळ टाकून बसणाऱ्या मंडळींत बोला, शेवटी येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ‘मग मासा खायचा की नाही?’ हा त्यातला सगळ्यात पहिला. इथे तो मुद्दाम मागे ठेवलाय, कारण आधीच्या चार गोष्टी कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटत नाही.

प्र. डीएनएला इजा होते म्हणजे नक्की काय होतं?

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे दोन पेड एकमेकांना पीळ घालून बसलेले असतात, सुंभाच्या दोरीसारखे. विषारी पदार्थामुळे कधी एक पेड तुटतो, कधी दोन्ही तुटतात. कधी त्या पदार्थाचा रेणूच डीएनएला चिकटून बसतो आणि पुढच्या वेळी पेशी नक्कल काढते तेव्हा नेमकी तिथे चूक होते. कधी पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुकडा मागेच राहतो.

यातलं थोडंफार निरोगी माशातही रोज घडतं, तुमच्या-माझ्यातही घडतं. पेशी ते दुरुस्त करत असते. प्रदूषणात दोन गोष्टी होतात: मोडतोड वाढते आणि दुरुस्ती मागे पडते.

प्र. नदीत मासे मरून तरंगतात ते यामुळेच ना?

बहुतेक वेळा नाही. मासे एका रात्रीत मरतात ते सहसा गुदमरून. साखर कारखान्याची मळी असो की शहराचं मैलापाणी, त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. रात्री शेवाळंही ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पंचगंगेकाठच्या माणसांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात पात्र आटतं, वळवाचा पाऊस ओढ्या-नाल्यांत साचलेलं एकदम नदीत लोटतो आणि सकाळी काठावर पांढऱ्या पोटांचा खच दिसतो.

एक खूण लक्षात ठेवा. मरळ आणि मांगूर तोंड वर काढून हवेतला श्वास घेऊ शकतात. बाकीचे मासे मेले आणि हे वाचले, तर संशय ऑक्सिजनवर घ्यायचा. मरळसुद्धा उलटी पडली असेल तर पाण्यात थेट विष आलं होतं, असं धरून चाला आणि पाण्याचा नमुना लगेच स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. दुपारपर्यंत ते पाणी वाहून गेलेलं असतं.

डीएनएची इजा अशी रातोरात मारत नाही. तिचे मासे पोहत असतात, खात असतात, जाळ्यात येतात आणि बाजारात विकलेही जातात. म्हणून तिची बातमी होत नाही.

प्र. मासा जिवंत आहे, पोहतोय. मग अडचण काय आहे?

हा प्रश्न आपल्या कायद्यालाही पडलेला दिसत नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत माशांवरची एक चाचणी आहे. निव्वळ सांडपाण्यात, म्हणजे त्यात चांगलं पाणी न मिसळता, मासे ९६ तास ठेवायचे. त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. कल्पना चांगली आहे, पण ती माशाला एकच प्रश्न विचारते: चार दिवसांनी तू जिवंत आहेस का? चार दिवस जिवंत राहूनही त्याच्या रक्तपेशींची केंद्रकं फुटलेली असू शकतात. ते कोणी बघत नाही, आणि सांडपाणी पास होतं.

अशा माशाचं पुढे काय होतं ते लगेच दिसत नाही. वाढ खुंटते, रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, काहींच्या यकृतात गाठी होतात, अंडी-पिल्लांची संख्या घटते. पाच-सात वर्षांनी कोळी म्हणतात, ‘पूर्वी इथे ही जात मिळायची.’ तोवर कारण कुठल्या वर्षातलं होतं हे शोधणं अवघड होऊन बसतं.

प्र. नेमके कुठले पदार्थ हे करतात?

यादी लांब आहे. मी चार-पाचच सांगतो, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप. कातडी कमावणं आणि धातूंवर मुलामा देणं, म्हणजे प्लेटिंग, ही याची मुख्य उगमस्थानं. पेशीला सल्फेट लागतं, त्यासाठी तिने दार ठेवलेलं असतं. हे क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं आणि क्रोमेटचा आकार सल्फेटसारखाच, त्यामुळे हा त्याच दारातून बिनबोभाट आत शिरतो. आत गेल्यावर पेशी त्याला निष्प्रभ करायला जाते, आणि त्या झटापटीतच डीएनए तोडणारी मधली रसायनं तयार होतात. नदीत सोडायच्या सांडपाण्यात याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. एकूण क्रोमियमला २ मिलिग्रॅमची सूट आहे, म्हणजे कुठल्या रूपातलं क्रोमियम आहे यावर सगळा फरक पडतो. रिपोर्टमध्ये नुसतं ‘क्रोमियम’ लिहिलं असेल तर विचारा, कुठलं?

बेंझोपायरीन आणि त्याची भावंडं. कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा अर्धवट जळला की ही तयार होतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर नदीच्या गाळात जाऊन बसतात. मुळात बेंझोपायरीन डीएनएला काहीच करत नाही. माशाचं यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकायला बघतं, आणि त्या प्रक्रियेतच त्याचं असं रूप बनतं की ते डीएनएला घट्ट चिकटतं. घर झाडायला घ्यावं आणि झाडूनेच घराला आग लागावी, तसला प्रकार.

कॅडमियम आणि आर्सेनिक. हे स्वतः फार मोडतोड करत नाहीत, पण दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचे हात बांधून ठेवतात. त्यामुळे दुसऱ्या कशाने झालेली लहान इजाही तशीच राहते.

कीटकनाशकं आणि तणनाशकं. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी ठिपक्यांच्या मरळीवर, म्हणजे चन्ना पंक्टॅटसवर, कार्बोसल्फान आणि अॅट्राझिनची चाचणी घेतली. मासे मरणार नाहीत एवढ्या मात्रेतही रक्तपेशींत इजा वाढलेली दिसली.

कापड रंगवायचे रंग. यातले काही अॅझो रंग फुटले की बेंझिडीनसारखे कॅन्सरकारक तुकडे सुटतात. भारतात १९९० च्या दशकात अशा ११२ रंगांवर बंदी आली, ही बरी गोष्ट. पण नदीचं पाणी लाल-निळं दिसतं म्हणून ते जनुकांना घातक आणि स्वच्छ दिसतं म्हणून निर्धोक, हा हिशेब चुकीचा आहे. वर सांगितलेल्यातले बहुतेक पदार्थ घातक मात्रेतही डोळ्यांना दिसत नाहीत.

प्र. आमचं शेततळं आहे, त्यात कारखान्याचं पाणी येतच नाही. मग आम्हाला काय?

दोन गोष्टी बघा. एक, शेजारच्या रानात फवारणी झाली की पहिल्या पावसाचं पाणी कुठे उतरतं. दोन, तुमच्या कपाटात मॅलाकाइट ग्रीन आहे का. अंड्यांवर किंवा बोटुकलीवर कापसासारखी बुरशी आली की हा हिरवा रंग टाकायची जुनी सवय आहे. बुरशी जाते, पण रंग माशाच्या मांसात रंगहीन रूपात बराच काळ मुरून राहतो, आणि त्याचा जनुकांवरचा परिणाम संशयास्पद असल्याने खायच्या माशांसाठी तो वापरायला मनाई आहे. मिठाच्या पाण्यात बुडवून काढणं कंटाळवाणं असलं तरी तेच करा.

प्र. एवढ्या बारीक गोष्टी दिसतात तरी कशा?

इथे माशाने आपल्यावर उपकार केलेत. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. माशाच्या तांबड्या पेशीत ते असतं. त्यामुळे शेपटीजवळच्या शिरेतून काढलेला एक थेंब पुरतो. मासा मारावा लागत नाही.

पहिली चाचणी मायक्रोन्यूक्लियसची. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, जिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक हजार पट मोठं करून बघत बसायचं. पेशी लांबट, मधे जांभळं केंद्रक. एखाद्या पेशीत त्या केंद्रकाशेजारी अगदी लहानसा तसाच ठिपका दिसतो, घरापासून वेगळ्या निघालेल्या खोलीसारखा. तो म्हणजे पेशी दुभंगताना मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा. निरोगी माशात हजारात एखाद-दुसरा सापडतो, कधी एकही नाही. एमएस्सीला असताना आम्ही एका माशामागे दोन हजार पेशी मोजायचो. दिवसाअखेर डोळे मिटले तरी जांभळे ठिपके दिसायचे आणि रंगाचा कण व खरा ठिपका यातला फरक कळायला मला तीन महिने लागले. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

दुसरी कॉमेट चाचणी. पेशी अॅगारोज नावाच्या जेलीच्या पातळ थरात अडकवायच्या, त्यांचं आवरण विरघळवून टाकायचं आणि विजेचा प्रवाह सोडायचा. अखंड डीएनए जागच्या जागी गोळा होऊन बसतं. तुटलेलं असेल तर तुकडे प्रवाहाबरोबर पुढे सरकतात आणि चमकणाऱ्या रंगात धूमकेतूच्या शेपटीसारखे दिसतात. शेपूट जितकी लांब आणि दाट, तितकी मोडतोड जास्त. हिचं आज सगळीकडे चालणारं अल्कली रूप एन. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं.

दोघींचं सांगणं वेगळं आहे. कॉमेट कालपरवाचं सांगते, कारण तुटलेले पेड बरेचदा काही तासांत किंवा दिवसांत सांधले जातात. मायक्रोन्यूक्लियस गेल्या काही आठवड्यांचं सांगतं. माशाला अस्थिमज्जा नसते. त्याच्या रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात जन्मतात, आणि तिथे विभाजनाच्या वेळी झालेली चूक घेऊन त्या रक्तात बरेच दिवस फिरतात. म्हणून शक्यतो दोन्ही चाचण्या कराव्यात.

प्र. आमच्या नदीचा रिपोर्ट ‘समाधानकारक’ आलाय. तरी काळजी करायची?

रिपोर्टमध्ये काय मोजलंय ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा, मुठा, पवना, भीमा, मिठी ही नावं अशा याद्यांतून आपल्या ओळखीची झाली आहेत. पण ही यादी बनते बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो त्यावर. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित. मैलापाण्यासाठी हे माप उत्तम आहे. क्रोमियम, बेंझोपायरीन, तणनाशक यांना मात्र त्यात जागाच नाही. बीओडी सुधारलेल्या पट्ट्यात माशाचं डीएनए तुटत असू शकतं, आणि दुर्गंधीने नाक धरावं लागणाऱ्या पट्ट्यात ते तुलनेने बरं असू शकतं.

वेगवेगळी रसायनं मोजली तरी अडचण उरतेच. नदीत ती एकेकटी येत नाहीत. प्रत्येक पदार्थ मर्यादेच्या आत आणि मिश्रण मात्र घातक, असं होऊ शकतं. कॅडमियमने दुरुस्ती अडवून ठेवलेली असताना थोडंसं बेंझोपायरीनही पुरतं. ही बेरीज कुठल्याच यंत्राच्या कागदावर उमटत नाही, ती माशाच्या रक्तात उमटते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्याच्या नियमित तपासणीत, निदान औद्योगिक वसाहतींच्या खालच्या बाजूला, वर्षातून दोनदा माशांचं रक्त बघावं. खर्च फार नाही. सूक्ष्मदर्शक प्रत्येक प्राणिशास्त्र विभागात असतो आणि मोजणारी पोरं दरवर्षी नवी येतात.

प्र. ही इजा भरून निघते का?

बरीचशी निघते. माशांकडे तर एक अवजार आहे जे आपल्याकडे नाही: फोटोलायेज नावाचं विकर. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएत पडलेली गाठ ते उजेडाच्याच मदतीने सोडवतं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या वाटेवर कधीच गमावलं. पण ते फक्त उन्हाच्या इजेवर चालतं, रसायनाच्या नाही. रसायनाची इजा भरून यायला स्वच्छ पाणी आणि वेळ लागतो. सांडपाणी रोज येत असेल तर वेळ मिळतच नाही.

प्र. पुढच्या पिढीत उतरते का?

रक्तातली किंवा यकृतातली इजा त्या माशाबरोबर संपते. अंडी आणि शुक्राणूंमधली उतरू शकते. यात शुक्राणू जास्त नाजूक, कारण तयार झालेल्या शुक्राणूत दुरुस्तीची सोय जवळजवळ नसते. गंमत अशी की डीएनए तुटलेला शुक्राणूही पोहतो आणि अंडं फलित करतो. घोळ नंतर कळतो: भ्रूण अर्ध्यात थांबतो, पिल्लू वाकडं निघतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्राउटच्या नरांना डीएनए तोडणारं रसायन देऊन हे २०११ मध्ये दाखवलं.

प्र. नर माशात अंडी सापडतात असं वाचलं. तेही हेच का?

नाही, तो संप्रेरकांचा गोंधळ. इंग्लंडच्या नद्यांत रोच जातीच्या माशांत तो १९९० च्या दशकात ठळकपणे दिसला. कारण सांडपाण्यातून येणारी स्त्री-संप्रेरकं आणि तशी वागणारी रसायनं. तिथे डीएनए शाबूत असतं, त्याला मिळणारे हुकूम चुकतात. आणि कण्यात वाकलेला मासा दिसला म्हणून लगेच जनुकांवर खापर फोडू नका. क जीवनसत्त्वाची कमतरता, परजीवी, लहानपणीची जखम, काहीही असू शकतं.

प्र. नदी सुधारली तर मासे सुधारतात?

सुधारतात, आणि याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या ओहायोत आहे. तिथली ब्लॅक नदी ईरी सरोवराला मिळते. काठावर पोलादासाठी कोळशापासून कोक करणारा कारखाना होता आणि गाळ बेंझोपायरीनच्या भावंडांनी भरला होता. त्या गाळात लोळणारा ब्राउन बुलहेड नावाचा मिशीवाला मासा, आपल्या शिंगाड्याच्या वळणाचा. १९८० च्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या बुलहेडमध्ये यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण भयंकर होतं. १९८३ मध्ये कारखाना बंद झाला. वर ताजा गाळ साचत गेला, विषारी द्रव्यं झपाट्याने घटली, आणि १९८७ पर्यंत कॅन्सरचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९९० च्या सुमारास साफसफाई म्हणून गाळ उपसला. तळाचं झाकलेलं विष ढवळून वर आलं, आणि पुढची काही वर्षं कॅन्सर पुन्हा वाढला. नंतर जन्मलेल्या माशांत मात्र तो परत खाली आला. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना सुरू झाली. डोंगरातल्या पाझर तलावाचा गाळ शेतात टाकायला काहीच हरकत नाही. पण औद्योगिक वसाहतीखालच्या बंधाऱ्यातला गाळ तपासल्याशिवाय हलवू नये, शेतासाठीही नाही आणि माशांसाठीही नाही.

प्र. मासे विषाला सरावत नाहीत का?

क्वचित सरावतात. अमेरिकेतल्या हडसन नदीत १९४७ ते १९७६ दरम्यान सुमारे सहा लाख किलो पीसीबी, म्हणजे कारखान्यांत वापरलं जाणारं एक विषारी रसायन, सोडलं गेलं. तिथल्या टॉमकॉड माशात एका जनुकातली सहा अक्षरं गळालेली आढळली. त्यामुळे पीसीबी ज्या प्रथिनाला पकडून गोंधळ घालतं, ते प्रथिनच त्याला नीट पकड देत नाही. हे २०११ मध्ये कळलं. पण तगला तो एक मासा. आणि त्याच्या अंगात पीसीबी भरलेलं राहतं, ते त्याला खाणाऱ्याच्या पोटात जातं.

प्र. आता सांगा, असा मासा खाल्ला तर आमचं डीएनए बिघडेल?

माशाचं तुटलेलं डीएनए खाऊन तुमचं तुटत नाही. पोटात गेल्यावर सगळ्याच डीएनएचे तुकडे होतात, मग ते माशाचं असो की मेथीचं. प्रश्न ज्या पदार्थाने ते तुटलं त्याचा आहे.

तो पदार्थ माशात कुठे साठतो यावर पुढचं ठरतं. कॅडमियम, क्रोमियम जास्त करून कल्ले, यकृत, मूत्रपिंडात असतात. म्हणून अशा नदीच्या माशाचे कल्ले आणि पोटातलं सगळं काढून टाका, डोक्याचं कालवण टाळा. बेंझोपायरीन मासा बराचसा मोडून बाहेर टाकतो, त्यामुळे मांसात फार साठत नाही. पारा मात्र थेट मांसात बसतो, शिजवून, तळून, लिंबू पिळून जात नाही. तो मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत जास्त असतो, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांना लहान मासे द्यावेत.

उजनीच्या चिलापीबद्दल नेहमी विचारतात. उजनीत पुण्या-पिंपरीचं पाणी येतं हे खरं. चिलापी चिवट आहे, घाण पाण्यातही वाढते. पण ती जगली म्हणजे पाणी चांगलं, असा अर्थ होत नाही, आणि ती उजनीची म्हणून विषारी, असाही नाही. मांसाची तपासणी झाल्याशिवाय दोन्ही बाजूंनी छाती ठोकून बोलणाऱ्यांपासून सावध राहा. आणि याचा पहिला फटका भोई आणि कोळी कुटुंबांना बसतो, हे बोलताना लक्षात असू द्या.

प्र. एमएस्सीला यावर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

मासा आधी ठरवा. ठिपक्यांची मरळ सोयीची, कारण तिची गुणसूत्रं फक्त ३२. रोहू, कटला, मृगळ यांची ५०, सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची, सुमारे १००. मग ठिकाण: सांडपाणी मिळतं त्याच्या खाली एक आणि पुरेसं वर एक, शक्यतो एकाच दिवशी, एकाच आकाराचे मासे. उन्हाळ्यात एक ठिकाण आणि पावसाळ्यात दुसरं, असं केलंत तर तुमचा निकाल तापमानाचाही असू शकतो. कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर धावपळ होते.

रक्त माशाला पकडल्या-पकडल्या घ्या. मासा बादलीत तासभर धडपडला की त्यानेही डीएनएत तुटफूट दिसू शकते. कॉमेटसाठीचं रक्त बर्फावर आणि अंधारात आणा. मेलेल्या पेशींचेही धूमकेतू दिसतात, नुसत्या शेपटीचे, डोकं जवळजवळ नसलेले; ते मोजू नका, वेगळे नोंदवा. आणि काचेवर ठिकाणाचं नाव लिहू नका, फक्त क्रमांक टाका. कुठला क्रमांक कुठल्या ठिकाणचा ती वही मोजणी संपेपर्यंत मैत्रिणीकडे ठेवायला द्या.